दुप्पट मीठ

स्नेहलनं लिकरिशचा, ज्येष्ठमधाच्या गोळीचा, काळा चौकोन जिभेवर ठेवला आणि सवयीप्रमाणे समोरच्या मधुकरकाकांच्या भुवयांकडे पाहिलं. भुवया जागेवर नव्हत्या. काकांचा चष्मा खाली पडला होता आणि ते टेबलाखाली वाकून तो शोधत होते.

न्यूझीलंडमधल्या ओटाहुहूतल्या त्या खाऊच्या गोळ्यांच्या कारखान्यात रोज सकाळी चार माणसं चव घ्यायला बसत. मालाची जबाबदारी असलेला हेन्क, पॅकिंगमधली सामोअन सीना, मशिनवरचे मधुकरकाका आणि स्नेहल. माल चांगला असेल तर हिरवी चकती पुढे सरकवायची, बिघडलेला असेल तर लाल. काम एवढंच. पण या टेबलावर बसणाऱ्याला दिवसाची पाळी मिळे, आणि दिवसाची पाळी होती म्हणून लेकीची, ओवीची, शाळा सुटताना स्नेहल फाटकात उभी राहू शके. हे टेबल गेलं की रात्रपाळी ठरलेली.

आणि मार्चपासून स्नेहलला कशाचीच चव लागत नव्हती.

आई मिरजेत वारली तेव्हा स्नेहलचा पासपोर्ट रेसिडेन्सीच्या अर्जाबरोबर अडकलेला होता. बॉटनी डाउन्सच्या घरी सोफ्यावर बसून तिनं सगळं फोनवर पाहिलं. मध्येच चित्र थांबलं. भावानं विचारलं, "ताई, दिसतंय का गं?" ती म्हणाली, "दिसतंय." रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा नुसत्या गरम पाण्यासारखा लागला. सर्दी असेल असं तिला वाटलं, पण नाक साफ होतं. नवऱ्याला, वरुणला, तिनं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आई गेली आणि मला काहीच होत नाहीये, असं? याची तिला लाज वाटे. बाकी काही वाटत नसे.

काम मात्र निभावलं. मधुकरकाकांची जीभ पक्की आणि चेहरा भाबडा. मालात खोट असली की डावी भुवई वर जाई, नसली की दोन्ही जागेवर राहत. स्नेहल भुवई बघून चकती सरकवायची. घरचा स्वयंपाक आईच्या एका वाक्याच्या भरवशावर चाले. नैवेद्य चाखायचा नसतो, हाताला कळतं, असं आई म्हणायची. स्नेहल आता रोजचाच स्वयंपाक नैवेद्यासारखा करत होती. डबा त्यातलाच. काका एकटे राहत, म्हणून पोळीभाजी तिची आणि दही त्यांचं असा दोघांचा करार होता. अलीकडे काकांचा दह्याचा डबा बराच मोठा झाला होता.

"चावा, नीट चावा," हेन्क इंग्रजीत म्हणाला. "ही काही बाळगोळी नव्हे."

हेन्कला प्रत्येक मालाबरोबर गोष्ट सांगायची खोड होती. इंग्लंडात ज्येष्ठमधाची मुळी पोटदुखीवर द्यायचे, मग त्यात साखर पडली आणि औषधाचा खाऊ झाला, ही त्याची आवडती गोष्ट. रंगीत थरांचे ऑलसॉर्ट्स, चॉकलेट चढवलेल्या बुलेट, रासबेरीच्या गाभ्याचे पट्टे, या सगळ्यांना तो बाळगोळ्या म्हणे. खरं लिकरिश डच लोकांचं, खारं, नवसागर घातलेलं. हेन्कचे वडील तिथूनच बोटीनं न्यूझीलंडला आले ते कोटाच्या खिशात त्याचीच पुडी घेऊन.

त्या नवसागरामुळेच स्नेहलला हे टेबल मिळालं होतं. निवडीच्या दिवशी हेन्कनं झाकलेली डबी पुढे केली आणि तिनं नुसत्या वासावरून ओळखलं. लहानपणी दारात कल्हईवाला बसे. तापल्या पातेल्यात त्यानं नवसागराची चिमूट टाकली की भसकन पांढरा धूर उठे आणि आई ओरडे, "नाक धर, पोरी." हेन्कला हे सांगितल्यावर तो इतका खूश झाला की बाकीच्या उमेदवारांना त्यानं घरी पाठवलं.

आता तो वासही येत नव्हता. काकांचं डोकं अजून टेबलाखालीच होतं. स्नेहलनं दुसरा चौकोन बोटांत वाकवून पाहिला. चकाकी बरी होती, ताणही बरोबर. तिनं हिरवी चकती सरकवली.

काका वर आले. चष्मा पुसला, चौकोन तोंडात टाकला. त्यांची डावी भुवई कपाळाच्या मध्यापर्यंत गेली. मग त्यांनी स्नेहलची चकती पाहिली. भुवई हळूहळू खाली आली. ते शेवटपर्यंत चावत राहिले, गिळलं, आणि हिरवी चकती तिच्या चकतीशेजारी नेऊन ठेवली.

तेवढ्यात सीनानं तोंडातला घास कागदात थुंकला. तिच्या पाठोपाठ हेन्कनंही.

"दोनदा पडलंय," हेन्क खोकत म्हणाला. "मीठ आणि नवसागर, दोन्ही दोनदा." मग त्याचं लक्ष दोन हिरव्या चकत्यांकडे गेलं आणि तो हसत सुटला. "यू टू आर हार्ड आउट, एह? भलतेच कडक आहात दोघं!"

सीनाही हसली. मसाले खाणाऱ्या माणसांना एवढ्या तेवढ्यानं काही होत नाही, असं ठरवून हेन्क माल परत पाठवायला गेला. स्नेहलचं टेबल वाचलं होतं. हायसं वाटायला हवं होतं.

हात धुवायला ती मागे गेली तर काका नळाला तोंड लावून चुळा भरत होते. डोळे लाल झाले होते.

"काका, तुम्हाला कळलं होतं."

"काय?"

"मीठ."

"ते काय, मेलेल्या माणसालाही कळलं असतं," काका म्हणाले, आणि तिच्याकडे बघून त्यांनी जीभ चावली.

"मग हिरवी का ठेवलीत?"

"तुझी हिरवी होती ना." त्यांनी रुमालानं मिशा पुसल्या. "एकटी हिरवी बरी दिसली नसती."

नळ गळत होता. स्नेहलनं तो घट्ट बंद केला.

"म्हणजे डब्यातलंही..."

"भाजी चांगली असते तुझी," काका घाईघाईनं म्हणाले. "दही घेतलं की काही कळत नाही."

"कधीपासून, काका?"

"पाडव्याच्या सुमारास असेल." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "आधी वाटलं, घाईत होत असेल. मग म्हटलं, पोरीची आई गेलीय. बोलेल तेव्हा बोलेल."

तिला वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. दुपारी तिनं डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर ओवीनं भातावर आमटी घेतली आणि चव बघण्याआधीच दह्याचं भांडं ओढलं. दोन मोठे डाव घातले. वरुणचा हात तिचं घेऊन होण्याची वाट बघत थांबलेला. वाढतं वय आहे, खाऊ दे दही, असं स्नेहलला आजवर वाटत आलं होतं.

"आमटी कशी झालीय?"

ओवीनं बाबाकडे पाहिलं. "इट्स फाइन, मम."

"मस्त झालीय," वरुण म्हणाला.

"मीठ?"

वरुणनं दह्याचं भांडं आपल्याकडे ओढलं.

"ओवी, खरं सांग."

"बाबा सेड नॉट टू."

"ओवी," वरुण म्हणाला.

"इट्स हीप्स सॉल्टी, मम. एव्हरी डे."

"चालतंय गं," वरुण खाली बघत म्हणाला. "आम्हाला सवय झालीय."

स्नेहल उठली. कुकरमध्ये थोडं वरण उरलं होतं. ते तिनं छोट्या पातेल्यात घेतलं, पाणी घातलं, गॅसवर ठेवलं.

"इकडे ये," ती ओवीला म्हणाली. "आजपासून मीठ तू घालायचं. चव तू बघायची."

ओवी ओट्याशी आली. तिनं हात पुढे केला. "हाऊ मच?"

स्नेहलनं तिच्या तळव्यावर थोडं मीठ घातलं. जास्त वाटलं म्हणून अर्धं काढलं. मग कमी वाटलं म्हणून पुन्हा घातलं. हाताला काही कळेना. वाटीभर वरणाला आई किती घालायची?

"थांब हं," ती म्हणाली. "आजीला विचारते."

तिनं ओट्यावरचा फोन उचलला. मिरजेत आत्ता दुपार, आई जेवायला बसायची असेल. तिनं आईचं नाव काढलं आणि अंगठा त्याच्यावर नेला.

ओवी बाबाकडे बघू लागली. वरुण घास हातात धरून तसाच बसला होता.

फोन तसाच हातात धरून स्नेहल फरशीवर बसली. "अगं आई," असं काहीतरी तिच्या तोंडून आलं आणि मग तिला थांबताच येईना. वरण उतू जायला लागलं तेव्हा वरुणनं उठून गॅस बंद केला. ओवी मात्र मीठ सांडू नये म्हणून तळवा सरळ धरून आईशेजारी खाली बसली.