कावळा कशाला म्हणावं

दहाव्या दिवशी इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या घरामागच्या बागेत, भिंतीवर भाताचा पिंड ठेवून प्रमोदिनी उभी होती. आता कावळ्यानं पिंडाला शिवायचं. नाही शिवला, तर गेलेल्याची इच्छा राहिली असं समजायचं आणि ती पुरवायचं वचन द्यायचं.

नवऱ्याची, डॉक्टर शशिधरांची, इच्छा तिला पाठ होती. रिटायर झालो की दोघांनी पुण्याला परत. तिला जायचं नव्हतं. हे ती त्यांना कधी बोललीच नव्हती.

पहिला आला तो काळापांढरा, लांब शेपटीचा. घास उचलून उडाला.

"शिवला?"

"तो मॅगपाय, आई," ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, बायॉलॉजी घेतलेली उल्का म्हणाली. "कावळ्याच्या फॅमिलीतला."

कुल: जवळच्या प्राण्यांचा मोठा गट. वाघ आणि मांजर एकाच कुलातले. म्हणून काही मांजराला—

"मग चालेल ना?"

"तुमचा रूल आहे. मला काय माहीत?"

मग आला कुळकुळीत काळा, जाड चोचीचा. लांबूनच बघत बसला.

"हा तरी कावळा?"

"हो. पण पुण्याचा नाही. स्पीशीज वेगळा."

प्रजाती: ज्यांची आपसात पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांनाही पुढं होतात, ते सगळे एका प्रजातीचे. बाकीचे दिसायला कितीही—

"म्हणजे आपला कावळा इथं नाहीच? अगं, मग बाबा यायचे कुणात?"

काळा काही शिवेना. पुण्याला जाईन असं वचन दिलं की सुटले मी, असं प्रमोदिनीच्या मनात आलं.

"अहो," तिनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं, "मी इथंच राहणार. पोरगी इथं आहे, माझी लायब्ररीतली नोकरी इथं आहे. रागवा हवं तर."

काळा उडून गेला.

अधिवास: सजीव जिथं राहतो, खातो, वाढतो ती जागा. ती बदलली तर तो एक तर—

तेवढ्यात एक छोटासा उतरला. मान राखाडी, थेट पुण्यातल्यासारखी. चोचभर भात घेतला.

"उल्का, हाच गं!"

"हा जॅकडॉ, आई. हा पण वेगळा. डोळा बघ, पांढरा आहे."

डोळा पांढराच होता. त्यांनी ऐकलं, की पाखराला नुसती भूक लागली होती? प्रमोदिनीला काही म्हणता काही उमगेना.

"चल आत. पुण्यात नंदूभावजी फोनची वाट बघत असतील."

"काय सांगणार? कावळा शिवला?"

"ते फोन लागल्यावर बघू. मी येत नाही, एवढं सांगते."