थर्मामीटरची चौकशी

“जगातलं कुठलंही माप आपण होऊन खरं बोलत नाही. त्याला खरं बोलायला भाग पाडावं लागतं,” आजोबांनी जाहीर केलं. त्या वेळी ते बनियनवर बसले होते आणि थर्मामीटर त्यांच्याच काखेत होता. त्यामुळे हात उंचावून बोलायची सवय त्यांना आवरावी लागली.

आजोबा निवृत्त वजनमापे निरीक्षक. बाजारात त्यांना समोर ‘काटासाहेब’ म्हणत, पाठीमागे नुसतंच ‘काटा’. आयुष्यभर त्यांनी पारड्यांखाली चिकटवलेली लोहचुंबकं उपटून काढली. आज थर्मामीटर आरोपी होता. नुकत्याच जन्मलेल्या नातीला लावला की तो पंच्याण्णव दाखवी, आणि एवढं कमी काही असतं हे घरात कुणाला पटेना.

“कमीच आहे ना?” आजी म्हणाली. “ताप नाही, मग झालं तर.”

“सकाळपासून ती पीत नाहीये,” सून म्हणाली. “तोंडात घेते आणि सोडून देते.”

“बापावर गेलीय. तोही असाच झोपाळू होता.”

“अजून आहे,” आत्या म्हणाली. बाप तिथेच उभा होता. रागवावं की नाही हे ठरेपर्यंत त्याला जांभई आली.

चौकशी रीतसर सुरू झाली. थर्मामीटर आजोबांना लावला, बरोबर. आजीला, बरोबर. आत्यालाही बरोबर; ती जरा खट्टू झाली, कारण कालपासून आपल्याला कणकण आहे असं ती सांगत होती. शेवटी दूधवाल्याला दारातच धरलं. तोही बरोबर निघाला, पण धसक्यानं नेहमीपेक्षा जास्त दूध घालून गेला. मग पुन्हा बाळाला लावला. पंच्याण्णव.

“मोठ्यांशी खरं, लहानांशी खोटं,” आजोबा गंभीर झाले. “जुनी लबाडी आहे. दुकानदारसुद्धा पोरं पाहूनच कमी तोलतात.”

हे सगळ्यांना पटलं. बाप थर्मामीटर बदलून आणायला चप्पल शोधू लागला. आत्यानं आणखी एक दुपटं गुंडाळलं. आजी म्हणाली, किती गुणी पोर आहे, रडणं म्हणून नाही. सुनेनं बाळाचा हात उचलून सोडला. तो पिळलेल्या फडक्यासारखा खाली पडला.

“बाबा,” ती म्हणाली, “तो सगळ्यांना बरोबर सांगतोय. मग हिच्याच बाबतीत खोटं का बोलेल?”

आजोबांनी थर्मामीटर पुन्हा उजेडात धरला. खात्यात असा पेच कधी आला नव्हता. यंत्र निर्दोष, तर मग चुकतंय कोण? ते विचार करत होते तोवर सून बाळाला छातीशी धरून जिना उतरलीसुद्धा. बाप एका पायात चप्पल घालून मागोमाग धावला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाळाला लगेच काचेपलीकडे नेलं, शिरेतून औषध सुरू केलं आणि मग बाहेर आल्या. रक्तात जंतुसंसर्ग झालाय, म्हणाल्या.

“पण ताप नव्हता हो,” आजी म्हणाली.

“इतक्या लहान बाळाला ताप येतोच असं नाही. कधी अंग गार पडतं. पीत नाही, ढिलं पडलंय, नीट जागं होत नाही, यातलं एक दिसलं तरी घेऊन यायचं. बरं झालं, आज आणलंत.” त्यांनी हातमोजे काढले. “बेंबीभोवती लाल झालंय. नाळेला काय लावत होता?”

“थोडंसं तेल,” आजी म्हणाली.

“मी पावडर,” आत्या म्हणाली. दोघी एकमेकींकडे नव्यानं ओळख झाल्यासारख्या बघत राहिल्या.

“काहीच लावायचं नसतं. कोरडी ठेवायची.”

“मी काही लावलं नाही,” आजोबा म्हणाले. “फक्त बोटानं तपासली.”

“हात धुऊन?”

आजोबा आपल्या बोटाकडे मुद्देमाल पाहावा तसे पाहत राहिले.

पुढचे दिवस घर काचेबाहेर बसून होतं. कुणाला काही कळत नव्हतं, म्हणून सगळे हात धूत होते. बाप तर घरी जातानाही धुऊन जाई.

मग एका सकाळी ती रडली, ते जिन्यापर्यंत ऐकू आलं. उचकी लागेपर्यंत प्यायली. औषध पुरं झालं, तपासण्या चांगल्या आल्या आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, घेऊन जा घरी. निघण्याआधी सिस्टरनी तिला वजनकाट्यावर ठेवलं. सगळे वाकून बघू लागले. आकडा अपेक्षेपेक्षा बराच वर गेला. सुनेनं बाहीनं डोळे पुसले. आजोबांनी घसा खाकरला.

“जगातलं कुठलंही माप…”

“आजोबा,” सिस्टर म्हणाल्या.

“हात धुतलाय मी.”

“दिसतंय. तेवढा काट्यावरून काढा.”