पितळेची पिन

सौसरच्या त्या छोट्या वर्कशॉपात मनोहर खुर्चीवर बसला होता आणि त्याची बायको दामिनी लेथचा फीड रॉड, म्हणजे हत्याराची गाडी पुढे सरकवणारा तो लांब दांडा, सरळ करत होती. आता बोला! जन्मभर ज्यानं आपल्या लेथला कोणाला बोट लावू दिलं नाही, त्याच्यावर ही पाळी.

पावसाळ्यात फवारणीपंपाचा शाफ्ट कातताना त्याला लकवा मारला. उजवा हात जागीच लुळा पडला, गाडी थांबवायचा खटका पाडायचा राहिला आणि गाडी शाफ्ट धरून फिरणाऱ्या चकवर जाऊन धडकली. अशा वेळी तुटावी म्हणूनच त्या दांड्याला पितळेची पिन असते. पण ती सारखी तुटते म्हणून या शहाण्यानं लोखंडाची ठोकली होती. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पिन शाबूत राहिली, दांडा वाकला.

जामसांवलीच्या मारुतीपुढे नेऊन आणलं, हात काही उठला नाही. घर चालायचं तर लेथ विकणं आलं. बोरगावचा गुणवंता आज टेम्पो घेऊन येणार होता. त्यानं आधीच ठणकावलं होतं, "दांडा वाकडा असन तं मी मशीन नेत नाही."

"खडूची खूण खाली घे अन् दाब," मनोहर म्हणाला. जीभ जड झाली होती, तरी हुकूम तोच.

दामिनीनं दांडा दोन ठोकळ्यांवर फिरवला, खडू टेकवला. वाकल्या जागी पांढरी रेघ उठली. ती खाली घेऊन तिनं हातप्रेस पिळला. पुन्हा फिरवून पाहते तर बाक वाढलेला.

"असं कसं झालं जी?"

"होते तसं. पुन्हा दाब तसंच."

तिचा हात थांबला. डबा घेऊन यायची तेव्हा याच माणसाला तिनं प्रेसवरच्या पोरावर ओरडताना ऐकलं होतं, 'अबे, खडू लागते तोच उंचवटा, तोच दाबाव लागते!' तिनं वळून पाहिलं. मनोहर दाराकडे पाहत होता.

म्हणजे हे जाणूनबुजून! हातून कधी वाकडं काम न गेलेला माणूस! तिला असा राग आला, की वाटलं खडू त्याच्या तोंडावर फेकावा. आणि लगेच रडू आलं.

"अजी, दांडा वाकडा ठेवून का होईन? तुमचा हात वापस येईन का?"



तिनं खूण वर घेतली आणि दाबली. प्रेसखाली दांडा सरळ झाला, सोडला की परत वाकला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. घामानं तिची बोटं घसरू लागली. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मनोहरनं नुसतं गप्प बसायचं होतं, लेथ जागची हलली नसती.

पण दांडा आणखी एकदा परत वाकला तसं त्याला पाहवेना.

"अवं, सरळ झाला का सोडून देते का कोणी!" तो खेकसला. "लोखंड वापस येते. सरळच्या पल्याड ने. आणखी. आणखी थोडा... हं, आता सोड."

दामिनीनं सोडला. दांडा फिरवला. खडू सगळीकडून सारखा लागला.

गुणवंता आत आला आणि दोघांकडे पाहून दारातच थांबला. मनोहर डाव्या हातानं, चिंधी घेऊन, दांड्यावरचा खडू पुसत होता. रडत होता आणि लपवत नव्हता.

"पिन पितळेचीच टाकजो," मान वर न करता तो गुणवंताला म्हणाला. "तुटली तं तुटू देजो."