हात वर केल्याचा आवाज

मी माईक बोलतोय. सभेतला, लग्नातला तो मोठा नव्हे. शर्टाच्या बटणपट्टीला चिमट्यानं अडकवतात तो, शेंगदाण्याएवढा कॉलर माईक. आजवर माझ्यातून दुसरेच बोलले. आज माझं मी बोलणार आहे आणि ते गोड नाही. माझी फसवणूक झाली आहे. त्याहून वाईट म्हणजे एका भल्या माणसाची फसवणूक माझ्याच हातून करून घेतली गेली.

एक आधीच सांगून ठेवतो. मला डोळे नाहीत. जे सांगेन ते ऐकलेलं सांगेन, पण ऐकण्यात मी कमी पडत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला कोण जाणे. मला आठवतो तो पहिला आवाज चिकटपट्टी टर्रकन फाडल्याचा. खोकं उघडलं अमरनाथनं. परंड्याच्या रस्त्यावर एक कॉलेज आहे, त्याचं नाव सांगत नाही, तिथला तो कॉम्प्युटर ऑपरेटर. माझ्याबरोबर एक कॅमेरा आणि भिंतभर पडदा आला होता. उद्घाटनाला मी प्राचार्य साहेबांच्या कोटावर होतो. साहेब म्हणाले, ज्यांची एसटी चुकते त्या पोरी, आईबापाबरोबर ऊसतोडीला जावं लागतं ती पोरं, या सगळ्यांपर्यंत आता कॉलेज स्वतः जाईल. तास मोबाईलवर, परीक्षा मोबाईलवर, पदवीसुद्धा मोबाईलवर. टाळ्या वाजल्या. माझी तार अभिमानानं ताठ झाली. नवा होतो, ऐकलेलं सगळं खरं वाटायचं.

मग मे महिन्यात मला रेवणसिद्ध सरांच्या शर्टाला लावलं.

रेवणसिद्ध हिरेमठ, भूगोलाचे सर, मूळचे मुरूमकडचे. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नव्यानं नेमणूक. बोलावलं तर सर, नाही बोलावलं तर घरी बसा. प्राचार्य साहेब त्यांना माझ्यादेखत म्हणाले होते, "हे चाळीस तास मन लावून रेकॉर्ड करा. मग तुमच्या जागेचं आपण नक्की बघू." मी तेव्हा सरांच्या छातीवर होतो. आत काय धडधड झाली ते साहेबांना ऐकू आलं नसेल. मला आलं.

रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवायचे, कारण पंख्याची घरघर माझ्यात येते. मे महिना, वर पत्रा. सरांचा शर्ट दहा मिनिटांत ओला व्हायचा आणि मी त्या ओल्या कापडाला चिकटून बसायचो. पहिल्या दिवशी मात्र सरांना बोलताच येईना. तीनदा सुरुवात केली, तीनदा थांबले. अमरनाथला म्हणाले, "रिकाम्या बाकड्यांना काय शिकवू? कुणीतरी समोर बसव बाबा."

अमरनाथनं शिवकन्येला आणून बसवलं. ती सोनारीची. घरी मेंढरं, चार भावंडांत कॉलेजला आलेली ती एकटी. पहिलं वर्ष संपलं होतं, कसल्याशा फॉर्मसाठी आली होती आणि गावाकडची एसटी चारला होती. सर म्हणाले, पुढच्या वर्षी तुला हेच आहे, आधीच ऐकशील. त्यानंतर ती रोज येऊ लागली. दुपारी दोघं आपापला डबा उघडायची, तिच्या डब्यातली शेंगाची चटणी सरांच्या डब्यात जायची आणि मी तेवढा वेळ टेबलावर निवांत पडायचो.

ती समोर बसली आणि सर बदलले. आवाजाला जागा सापडली म्हणा ना. सरांची एक सवय होती. कुठलीही गोष्ट सांगून झाली की म्हणायचे, "न्हाय कळलं तर हात वर करा. लाजू नका." आणि थांबायचे. नुसतं म्हणून पुढं पळणारे पुष्कळ असतात, सर खरोखर थांबायचे. मी त्यांच्या काळजाचे ठोके मोजायचो. दहा, बारा, कधी वीस. मग समोरून बारीक किणकिण यायची. शिवकन्येच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडं घसरल्याची. हात वर करण्याला आवाज असतो, हे मला तिनं शिकवलं.

तेराव्या तासाला समोच्च रेषा होत्या. नकाशावर एकाच उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. सरांनी सांगितलं, थांबले. पंधराव्या ठोक्याला बांगड्या वाजल्या.

"सर, आमची मेंढरं टेकाडाला आडवी चरत जात्यात. वर न्हाय, खाली न्हाय, एकाच उंचीवरनं. त्यांच्या पायानं वाटा पडल्यात तिथं. मग ती मेंढरांची वाट म्हंजे समोच्च रेषाच न्हाय का?"

मी तेवीस ठोके मोजले. मग त्यांच्या तोंडून हळू आवाज आला, "व्हय की गं. नऊ वर्षं शिकवतोय, मला सुचलं न्हाय हे."

मग दहा मिनिटं त्यांनी तिलाच फळ्याजवळ उभी करून टेकाड काढायला लावलं. खडू करकरत होता, दोघं हसत होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दहा मिनिटं. त्या दिवशी सर मला काढायचे विसरले आणि तसेच आईला फोन करायला गेले. आईशी ते कानडीत बोलायचे. मला कानडी येत नाही, पण छातीवर बसल्यावर भाषा यावी लागत नाही. यंदा जागा होणार, असं ते सांगत होते.

चाळीस तास पुरे झाले. मग अमरनाथ कात्री घेऊन बसला, म्हणजे कॉम्प्युटरवरची. वरून हुकूम होता, प्रत्येक तास वीस मिनिटांचा हवा, पोरं त्यापुढं बघत नाहीत. सगळ्यात आधी त्यानं सरांचं थांबणं कापलं. मग बांगड्यांची किणकिण, तो कचरा आवाज म्हणून. मग मेंढरांची वाट. अमरनाथ वाईट नाही, त्याला सांगितलं ते त्यानं केलं. पण मी एवढं जपून ऐकलेलं सगळं त्यानं एका दुपारीत फेकून दिलं आणि मला पोडियमच्या खणात टाकलं.

जून आला. खणात पडल्या पडल्या मी सरांच्या पावलांची वाट पाहत होतो. पावलं नाही आली, आवाज आला. पडद्यावरून. तोच, माझ्यातूनच गेलेला. पोरं बाकांवर बसलेली, पडद्यावर सर बोलतायत, शेवटी मोबाईलवर पाच प्रश्न, बरोबर खुणा केल्या की क्रेडिट जमा. दोन दिवसांनी अमरनाथच शिपायाला सांगत होता की हिरेमठ सरांना यंदा बोलावलं नाही. चाळीस तास आहेतच की, मग माणूस कशाला, असं वर ठरलं म्हणे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ऊसतोडीच्या पोरांचं नाव पुढं करून मला आणलं. ती पोरं ऐकतही असतील, असली तर मला आनंदच आहे. पण माझा खरा उपयोग सरांचा आवाज काढून घेऊन त्यांना रिकामं करण्याचा होता. नऊ वर्षांचा माणूस मी चाळीस तासांत उपसून दिला आणि त्यांनी तो विश्वासानं उपसू दिला.

जुलैत सर आले, अनुभवाचा दाखला मागायला. हॉलमध्ये नेमका तेरावा तास चालू होता. दाराशी पावलं थांबली. ती चप्पल मी ओळखतो.

पडद्यावरचे सर म्हणाले, "न्हाय कळलं तर हात वर करा. लाजू नका. चला, पुढं जाऊ."

मधे काही उरलंच नव्हतं. एक ठोकाही नाही. आणि त्या नसलेल्या जागेत बांगड्या किणकिणल्या. शिवकन्या बाकावर होती, आणि तिनं पडद्यापुढं हात वर केला होता.

"थांब, थांब," दारातून सर म्हणाले. "बोल शिवकन्या."

ती उठली, बाक सरकला. पडद्यावरचे सर बोलतच राहिले, दारातले सर तिचं ऐकू लागले. ती म्हणाली, सर, मेंढरांची वाट यात कुठंच न्हाय. सर आत आले. त्यांनी खडू उचलला, त्याचा आवाज मी ओळखला. तेवढ्यात बूट वाजले. प्राचार्य साहेब.

"हिरेमठ सर, मुलांचा तास चालू आहे. व्यत्यय आणू नका."

मला वाटलं, सर आता म्हणतील, साहेब, हा माझाच तास आहे. त्यांनी खडू ठेवला. म्हणाले, "सॉरी सर." नऊ वर्षांची सवय. चप्पल जिन्यावरून उतरत गेली आणि पडद्यावरचे सर उभा चढ, मंद चढ सांगत राहिले. मला त्या आवाजाची लाज वाटली. म्हणजे माझीच.

काल मला पुन्हा खणातून काढलं, फडक्यानं पुसलं. इतिहासाच्या नव्या मॅडम आल्यात, समृद्धी मॅडम. तासिका तत्त्वावरच. त्यांच्या ओढणीला मला लावलं आणि मला तीच धडधड ऐकू आली. त्यांनाही जागेचं बघू म्हटलेलं आहे. मी त्यांच्या छातीवर बसून जीव तोडून ओरडलो, पण माझं ओरडणं ऐकायला आणखी एक माईक लागेल.

मॅडमनाही रिकाम्या बाकड्यांपुढं बोलता येईना. अमरनाथ शिवकन्येला बोलवायला गेला. ती दारापर्यंत आली, आत आली नाही.

"मी बसणार न्हाय," ती म्हणाली. "मागल्या खेपंला मी समोर बसले, म्हणून सर एवढं जीव लावून बोलले. मी नसते तर त्यांचं रेकॉर्डिंगच धड झालं नसतं. आज ते इथं असते."

मॅडमच्या छातीतले ठोके मी मोजू लागलो. दहा, बारा, वीस. मग त्यांचा हात माझ्याकडं आला, आणि चिमटा सुटल्याचा आवाज झाला.

मी आता टेबलावर आहे. मॅडम उद्या येतील की नाही, ठाऊक नाही. ज्यांनी मला विकत आणलं त्यांना माझं एकच मागणं आहे. माझ्यातून काय हवं ते न्या, जगाला ऐकवा. फक्त सरांचं ते थांबणं कापू नका. मी जे ऐकलं त्यात शिकवणं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.