सतरा नंबरच्या प्लॉटचं पाणी

वास्तुशास्त्राला मी आयुष्यभर हसलो. त्याच वास्तुशास्त्राचे पाय धरायची वेळ ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात, माझ्याच डायनिंग टेबलावर आली.

मी पुराच्या पाण्याची मॉडेल्स करतो. ओढ्याचे हजारो तुकडे पाडायचे, प्रत्येकातल्या पाण्याचा अंदाज धरायचा, तो समीकरणांत घालायचा, चूक किती उरली ते बघायचं आणि अंदाज सुधारून पुन्हा घालायचा. आमटी चाखत मीठ टाकावं तसंच. चूक दहालाखांशाच्या खाली गेली की सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, लिहितो, ‘कन्व्हर्ज्ड’, उत्तर स्थिरावलं. एका नव्या वसाहतीच्या ओढ्याची चूक मात्र काही केल्या उतरेना. खाली यायची, पुन्हा वर. तीन दिवस हेच. त्यात शुक्रवारी बॉस ग्लेन दारात, "मेट, धिस आर्वो?" म्हणजे आज दुपारी रिपोर्ट मिळेल ना. मी मर्यादाच दहालाखांशावरून शतांशावर आणली. सॉल्व्हर गपगुमान ‘कन्व्हर्ज्ड’ म्हणाला. रिपोर्टात मी तेवढाच शब्द लिहिला, आकडा गाळला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, एवढा मी हुशार.

चार महिन्यांनी चित्रलेखा, म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलमधून येताना त्याच वसाहतीतल्या प्लॉटांचा नकाशा घेऊन आली. ती तिथे डॉक्टर आहे.

"सतरा नंबर घेऊया. पुराचं पाणी कुंपणाबाहेरच थांबतं म्हणे. एजंटवर माझा काडीचा विश्वास नाही, पण रिपोर्टावर तुझी सही आहे."

"दक्षिणमुखी आहे गं," मी म्हणालो.

"तू कधीपासून मानायला लागलास? आणि इथे ऊन उत्तरेकडून येतं. मागची खोली उत्तरेला, उलट बरंच."

"लांब पडेल तुला."

"सात मिनिटं."

"ओढ्याजवळ डास असतात."

"जाळ्या लावू." तिने पेन खाली ठेवलं. पेशंट ‘आठवड्याला दोनच बिअर’ म्हणतो तेव्हा बघत असेल तशी बघत राहिली. "विश्राम, खरं काय ते सांग."

चौथ्या फेरीला सांगितलं. शुक्रवार, मर्यादा, शतांश, सगळं. पाणी कुंपणाबाहेर थांबेल की स्वयंपाकघरात, मला माहीत नाही, हेही. लाज वाटलीच, पण सुटल्यासारखंही वाटलं. आपण तरी वाचलो.

चित्रलेखाने नकाशाची घडी घातली.

"सतरा नको. पण शेजारच्या अठरावर घराचा स्लॅब ओतून झालाय, मी बघून आले. माझ्या वॉर्डातली नर्स राहायला जाणार आहे तिथे, सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन. तिला काय सांगू? दक्षिणमुखी आहे म्हणून?"

मी तिच्यासमोरच ग्लेनला फोन लावला. सगळं ऐकून तो सवयीने "नो वरीज" म्हणाला. मग किती चुकलंय, त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या रिपोर्टाबद्दल त्याला खरं सांगायची माझी ही पहिलीच वेळ.