बंदराचं गाऱ्हाणं

श्रुतिका घाडीने बोटी लागायचे पुष्कळ धक्के आखले होते, पण सगळे दुसऱ्याच्या नावावर. अंधेरीच्या ज्या कंपनीत ती बंदरांचे आराखडे करायची, तिथे राबायचं हिने आणि मिरवायचं साहेबांनी, अशी रीतच होती. हिंदी महासागरातल्या एका इवल्याशा बेटदेशाचा धक्का मात्र पहिल्या रेघेपासून तिचा होता. मच्छीमारांच्या होड्या आणि शेजारच्या बेटांवर जाणारी प्रवासी बोट, एवढ्यांना पुरेल असा आटोपशीर. तो उभा राहावा, यापलीकडे सध्या तिला काही नको होतं.

पण छोट्या देशाच्या दारात मोठे येऊन उभे राहिले, की आटोपशीर काही उरत नाही. चीनने त्या बेटाला अख्खं बंदर देऊ केलं, वर एक स्टेडियम फुकट. भारताने स्वस्त कर्ज देऊ केलं, आणि मग हळूच वरून सूचना आली : धक्का आणखी लांब करा, तळ आणखी खोल करा. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. होडीला एवढं खोल पाणी लागत नाही, युद्धनौकेला लागतं. श्रुतिकेने निमूटपणे आराखडा बदलला आणि घरी येऊन वडिलांपाशी भडभडून बोलली. चूक झाली ती इथे.

कारण तिचे वडील श्यामसुंदर घाडी. गिरणी बंद पडल्यावर विमानतळावर रखवाली करून निवृत्त झालेले. कोकणात गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. घाटकोपरच्या असल्फ्यातही कुणाचं लग्न असो की ऑपरेशन, देवापुढे नारळ ठेवून मागणं मांडायला तेच लागत. त्यांनी मोठ्याने मागायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. त्यांचा नेम एकच, देवाला अर्धवट सांगायचं नाही.

बेटदेशाच्या बंदराची मुख्य अधिकारी मुंबईत आली, तेव्हा कल्पना लढवली ती सुबोध सरांनी. श्रुतिकेचे साहेब, राहणार मुलुंड, माणूस वाईट नाही, पण जरा हुशारी दाखवायची खोड. "पंचतारांकित जेवणं तिला चिन्यांनीही घातली असतील," ते म्हणाले. "आपण तिला घरी नेऊ. तुझ्या बाबांचं ते गाऱ्हाणं घालू. एकदम झकास!"

अशा रीतीने त्या अधिकारी, ऑरेलीबाई, रविवारी सकाळी असल्फ्यात हजर झाल्या. साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांच्या. जयंतीने, श्रुतिकेच्या आईने, पुढे केलेले घावणे त्यांनी मागून मागून खाल्ले. शेजारपाजारची गाववाली मंडळी दाटीवाटीने बसली. ऑरेलीबाईंनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि श्यामसुंदरांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या दर्यापारच्या लेकीन आज तुझ्याकडे नारळ ठेवलो हा. तिच्या गावात धक्को बांधूचो हा, तो माझ्या चेडवाच्या हातान होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या चेडवान होडयेपुरती जागा धरल्यान. मागसून कोणी सांगल्यान, लांब कर, खोल कर. थयसर लढायेची जहाजा लागतली, ता तुका म्हायत, माका म्हायत, ह्या बायेक कोणी सांगूक नाय. ता तिका कळांदे, तिची फसगत होऊक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी खोली गरजली. सवयीने त्यात श्रुतिकेचाही आवाज होता. आपण कशाला होकार दिला हे तिला म्हणून झाल्यावर कळलं.

"काय मागितलं त्यांनी?" ऑरेलीबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"दोन्ही देशांच्या मैत्रीसाठी प्रार्थना केली," सुबोध सर घाईघाईने म्हणाले.

"मग तुम्हाला एवढा घाम का फुटला?" बाई म्हणाल्या आणि श्रुतिकेकडे वळल्या.

"सांभाळून हं श्रुतिका," सर मराठीत पुटपुटले. "तुझीच वाट लागेल."

श्रुतिकेने वडिलांकडे पाहिलं. ते शांतपणे नारळ सरळ करत होते. तिला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला. मग तिने सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं.

ऑरेलीबाई चिडल्या नाहीत. "मी आयुष्यभर जहाजं बंदरात आणली आहेत," त्या म्हणाल्या. "किती पाण्यात काय तरंगतं हे मला समजतं. तुमचा आराखडा पाहिला, चीनचाही पाहिला, तो तर याहून खोल आहे. खरं कोणीतरी तोंडाने सांगेल म्हणून दोन्हीकडे वाट पाहिली. सांगितलं ते तुझ्या वडिलांनी, तेही देवाला!" आणि त्या खळखळून हसल्या.

मग हसू आवरून म्हणाल्या, "मला पहिला, छोटाच धक्का हवा. आमच्या खाडीत कोणी दोर बांधायचा ते आम्ही ठरवू."

सुबोध सर आता खरं बोलले. "मॅडम, छोट्या धक्क्याला कर्ज मिळेल असं मला वाटत नाही."

"मग थांबू. आमच्या होड्या आजवर वाळूवरच लागत आल्यात."

श्रुतिका बघत राहिली. घाटकोपरात सहज मावेल एवढा यांचा देश, समोर दोन महाबलाढ्य, आणि ही बाई पानात नको तो पदार्थ नाकारावा तशी नाही म्हणत होती. ह्या बाईच्या पाया पडावं असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी हेही कळून चुकलं, की आपला धक्का बहुधा आता होत नाही.

ऑरेलीबाईंनी दुसरा नारळ मागितला. "माझंही मागणं घालतील का ते?" बाईंनी मागणं सांगितलं, ते श्रुतिकेने मालवणीत वडिलांना समजावलं. शब्द न् शब्द.

श्यामसुंदरांनी पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या बायेच्या खाडयेत कोणाचा जहाज लागात, ता तिच्या माणसांनी ठरवचा. चिनी येवंदे नायतर आमचे येवंदे, वाकड्या नजरेन कोण इलो तर तेका दारातसून परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेच्यापायी माझ्या चेडवाचो धक्को झालो नाय..." त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं. "तरी चलात रे म्हाराजा!"

आपल्या डोळ्यांदेखत वाढलेल्या पोरीच्या तोंडचा घास काढायला होकार कोण देणार? जयंतीने तोंडाला पदर लावला. सगळे श्रुतिकेकडे बघू लागले.

तिच्या डोळ्यांसमोर तो आराखडा आला, आटोपशीर, तिचा स्वतःचा. तिला रडू येत होतं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. एकटीच.

मग तिच्या मागून, अडखळत, मालवणी कधीच न बोललेल्या सुबोध सरांनीही हात जोडून तेच म्हटलं.