डाव्या खुर्चीचे भांडण

मित्रांनो, मान वर करून आकाशात जी पांढरी रेघ तुम्ही पाहता, ती आता माझी नसते. मी एक जुने प्रवासी विमान आहे आणि बरीच वर्षे ॲरिझोनाच्या वाळवंटात उभा आहे. अशी रेघ दिसली की माझ्या पोटात दुखते. हे दुखणे मला कसे लागले आणि त्यात एका चांगल्या माणसाची खुर्ची कशी गेली, ते सांगतो.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात झाला. माझी दोन्ही इंजिने शेपटीजवळ, त्यामुळे पुढच्या रांगांत बसलेल्यांना कुजबुजसुद्धा ऐकू यायची. मिलवॉकीच्या नॉर्थ लेक एअरवेजने मला विकत घेतले आणि माझ्या शेपटीवर त्यांच्या तळ्यांतला काळापांढरा पाणपक्षी रंगवला. तो पक्षी दिसला की कुंपणापलीकडची मुले हात हलवायची.

ऑरिन क्वाम तेव्हा तरुण होते. विस्कॉन्सिनमधल्या गाईंच्या गोठ्यात वाढलेला उंच, अबोल माणूस. विमानात कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो आणि सहवैमानिक उजव्या. क्वाम अनेक वर्षे उजवीकडे बसले आणि मग एके दिवशी डावीकडे आले. त्या दिवशी त्यांनी खिशातल्या रुमालाने माझी समोरची काच आतून पुसली होती.

एकदा ग्रीन बे गावी धावपट्टीवर बर्फ होते आणि वारा आडवा सुटला होता. त्यांनी मला इतके अलगद टेकवले की मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर मेकॅनिकला ते म्हणाले, "मी कुठे काय केलं? यानंच उतरवलं." मी आठवडाभर फुगून होतो. मग कळले की माझ्याच जातीच्या दुसऱ्या विमानाबद्दलही ते अगदी असेच बोलले होते. तेव्हा मी पहिल्यांदा जळलो.

पुढे कंपनीवर वाईट दिवस आले. ती बुडू नये म्हणून वैमानिकांनी पगारातला मोठा हिस्सा आणि पेन्शन सोडली. "दिवस पालटले की सगळं परत मिळेल," असे वरच्या साहेबांनी सांगितले. दिवस पालटले. साहेबांची बक्षिसे परत सुरू झाली, वैमानिकांची पेन्शन आली नाही. तेव्हापासून, साहेब म्हणाले की बाहेर ऊन पडले आहे, तर आमचे वैमानिक आधी खिडकीतून बघत आणि मग मान डोलवत.

अशात कंपनीचे विलीनीकरण झाले. ॲरिझोनातल्या टुसॉनची सनस्टोन एअरलाइन्स आणि आमची नॉर्थ लेक एक झाली. विमाने ठेवायच्या हँगरमध्ये माझ्याच पंखाखाली मोठा केक कापला गेला. वैमानिकांशी वाटाघाटी करणारे कंपनीचे प्रमुख डग्लस वेल्चर हात पसरून म्हणाले, "आजपासून आपण एक कुटुंब!"

क्वामांचे जुने वैमानिक मित्र स्टॅन ग्रुबा केक खाता खाता पुटपुटले, "कुटुंब म्हणाला. पाकीट सांभाळा रे."

नंतर माझ्या शेपटीवरचा पाणपक्षी खरवडला आणि तिथे सनस्टोनचा नारिंगी सूर्य रंगवला. मित्रांनो, दुसऱ्याचा सूर्य पाठीवर घेऊन उडणे फार जड जाते. त्यातच सनस्टोनची विमाने माझ्या शेजारी उभी राहू लागली. कोवळी, चकचकीत, पंखांची टोके ऐटीत वर वळवलेली. त्यांच्या आतले पडदे रंगीत. मेकॅनिक त्यांच्याभोवती फडके घेऊन फिरत. माझ्या एका खुर्चीचा हात मात्र चिकटपट्टीने बांधलेला होता आणि कॉफीचे यंत्र कधीचे बंद पडले होते. ती विमाने आधी निघायची आणि मी रांगेत मागे थांबून त्यांचा धूर खायचो.

वैमानिकांत याहून मोठी आग लागली होती. दोन्ही कंपन्यांच्या वैमानिकांची एकच ज्येष्ठतायादी करायची होती. त्या यादीत जो वर, त्याला डावी खुर्ची मिळणार, हव्या त्या गावी राहता येणार. आमचे म्हणत, जो आधी नोकरीला लागला तो वर. सनस्टोनवाले म्हणत, तुमची कंपनी बुडत होती, आम्ही तुम्हाला वाचवले, मग आम्ही खाली का? अखेर लवादाने सनस्टोनच्या बाजूने निकाल दिला. क्वाम कामाला लागले तेव्हा जे शाळेत होते, ते आता त्यांच्या वर गेले. मिलवॉकीची उड्डाणेही कमी झाली आणि क्वामांची डावी खुर्ची गेली.

ते पहिल्यांदा पुन्हा उजवीकडे येऊन बसले, तो दिवस मला आठवतो. जमिनीवर मला वळवायचे छोटे चाक फक्त डाव्या खुर्चीपाशी असते. उतरल्यावर क्वामांचा हात सवयीने ते चाक धरायला गेला. तिथे चाक नव्हते. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

डावीकडे होत्या कॅप्टन रमोना एस्क्विबेल. सनस्टोनच्या, क्वामांच्या मुलीहून थोड्या मोठ्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मिरच्या भरलेल्या पोळीची मेक्सिकन गुंडाळी, बुरिटो, काढली. माझ्या नाकपुडीत, म्हणजे माझ्या हवेच्या नळीत, त्याचा वास कितीतरी दिवस राहिला. त्यांचे काहीच मला आवडत नव्हते. खरे सांगायचे तर त्या मला फार छान उडवत, आणि तेच जास्त टोचत होते.

यादी एक झाली तरी करार दोनच राहिले होते. आमचा जुना करार विश्रांतीच्या आणि आजारपणाच्या बाबतीत चांगला होता, सनस्टोनचा कंजूष होता. म्हणजे एकाच विमानात शेजारी बसून दोघे दोन नियमांनी राबत होते. क्वामांना एस्क्विबेलांच्या खुर्चीचा हेवा वाटे आणि एस्क्विबेलांना क्वामांच्या कराराचा. नव्या एकत्र कराराची बोलणी नुसती रेंगाळत होती. दोघे कामापुरते बोलत. इंधन किती, चाके वर, चाके खाली. एवढेच.

एका दुपारी नेब्रास्कावरून जाताना क्वामांना राहवले नाही.

"खुर्ची नीट बसतेय ना? माझ्या पाठीनं तयार केलीय ती."

"खड्डा पडलाय तिला," एस्क्विबेल म्हणाल्या. "पण बसते. मी पहाटेपासून उडतेय. तुम्ही मस्त झोपून आलात. करार तुमचा!"

"मग होऊ द्या ना एकच करार. अडवलंय तुमच्याच लोकांनी."

"आमच्या? वेल्चर साहेबांनी टुसॉनला येऊन सांगितलं, नॉर्थ लेकवाले सही करेनात म्हणून."

"आम्हाला म्हणाला, सनस्टोनवाले अडून बसलेत. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. मी तुमच्यातलाच, माझा बाप वैमानिक होता, सुपीरियर सरोवरावरून टपाल न्यायचा."

एस्क्विबेलांनी मान वळवली. "टपाल? आम्हाला म्हणाला, बाप आमच्या ॲरिझोनात विमानातून शेतांवर औषध फवारायचा. युमाला. लेट्यूसच्या शेतांवर."

"युमाला?"

"युमाला. तेव्हाही डोळ्यांत पाणी होतं."

क्वामांनी बोटांवर मोजून पाहिले. मग म्हणाले, "बाप आहेत तरी किती या माणसाला?"

एस्क्विबेल इतक्या हसल्या की कानावरचा हेडफोन घसरला. क्वामही हसू लागले. खुर्ची गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलेच नव्हते. आनंद व्हायला हवा होता. पण मित्रांनो, मला वाटले, इतकी वर्षे यांना घेऊन मी फिरलो आणि हसले ते हिच्याबरोबर!

त्या दिवसापासून त्यांचे "तुम्ही" गेले आणि "तू" आले. वेल्चरने कुठे काय सांगितले, ते दोघे आपापल्या लोकांना सांगू लागले. वेल्चरच्या कानावर हे गेले असावे, कारण लवकरच त्याने नवा डाव टाकला. नॉर्थ लेकच्या वैमानिकांना त्याने वेगळा करार देऊ केला. जुनी विमाने मोडीत न काढता मिलवॉकीतच ठेवू, तुमच्या डाव्या खुर्च्या परत देऊ. अट एकच, सनस्टोनवाल्यांची साथ सोडा.

त्यावर मत द्यायला आमचे वैमानिक हँगरमध्ये जमले. मी तिथेच तपासणीसाठी उभा होतो, पोटाची झाकणे उघडी. माझा आनंद पोटात मावत नव्हता. मी उडत राहणार होतो. क्वाम डावीकडे येणार होते आणि त्या बाई आपल्या चकचकीत विमानांकडे परत जाणार होत्या.

स्टॅन ग्रुबा म्हणाले, "ऑरिन, तुझीच खुर्ची आहे ती. घे आणि गप्प बस."

क्वाम उभे राहिले. त्यांना भाषणे येत नसत.

"मला हवीय खुर्ची. रोज हवीय. रमोना डावीकडे बसते तेव्हा माझ्या छातीत आग पडते, खोटं कशाला बोलू? पण देतोय कोण ते बघा. पेन्शन परत देतो म्हणाले होते, तीच ही माणसं. आज तिला टाकून मला देतायत. उद्या मला टाकून आणखी कुणाला देतील. तेव्हा माझ्या बाजूनं बोलायला कोण उरेल?"

मागून कोणीतरी ओरडले, "बुरिटो खाऊ घातला वाटतं तिनं!"

सगळे हसले. क्वाम म्हणाले, "घातला. फार तिखट होता. डोळ्यांत खरं पाणी आलं, वेल्चरसारखं नाही."

पुन्हा हशा पिकला, पण या वेळी तो क्वामांच्या बाजूने होता. मग हात वर करायला सांगितले. वेगळा करार नको म्हणणारे थोडेच जास्त निघाले. त्यांच्यात स्टॅन ग्रुबांनी हात सगळ्यांत शेवटी वर केला आणि तोही शिवी देत.

क्वामांनी खुर्ची नाकारली, ते एक वेळ ठीक. पण त्या खुर्चीबरोबर मीही होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही वळून पाहिले नाही.

त्यानंतर दोन्हीकडचे वैमानिक गणवेश घालून, टोप्या नीट लावून, एकाच करारासाठी विमानतळांबाहेर रांगेने उभे राहू लागले. कोणी घोषणा देत नव्हते. सनस्टोनचे नारिंगी पट्ट्यांचे आणि आमचे निळ्या पट्ट्यांचे खांद्याला खांदा लावून उभे. फूट पाडायला जागा उरली नाही तेव्हा साहेबांनी नमते घेतले आणि सगळ्यांचा एकच करार झाला. एस्क्विबेलांना विश्रांती मिळाली. क्वामांची पेन्शन मात्र कधीच परत आली नाही, आणि डावी खुर्ची मिळाली ती निवृत्तीच्या तोंडावर. तीही टोके वर वळवलेल्या विमानात.

मला निवृत्त केले. इथवर आणले ते त्या दोघांनीच. वाळवंट दिसू लागल्यावर क्वाम म्हणाले, "उतरवू मी?"

"तूच उतरव," एस्क्विबेल म्हणाल्या. "मला याचा स्वभाव कधी कळलाच नाही. सारखं माझ्याशी भांडतंय असं वाटायचं."

"भांडतच होतं," क्वाम म्हणाले आणि त्यांनी मला अलगद टेकवले.

इथे माझ्या शेजारी सनस्टोनचे एक विमान उभे आहे. माझ्याच वयाचे. चकचकीत भावंडांमध्ये मी त्याला कधी पाहिलेच नव्हते. त्याच्या वैमानिकांना म्हणे वेल्चरने सांगितले होते की उत्तरेकडची विमाने येऊन तुमची हाकलून लावतील. ते बिचारे विमान वर्षभर माझ्या नावाने जळत होते. आता सकाळी त्याची सावली माझ्या पंखावर पडते आणि संध्याकाळी माझी त्याच्यावर.

मित्रांनो, कोणाचा हेवा वाटला तर तो वाटू द्या, त्याला कोणी अडवू शकत नाही. पण तो तुमच्यात पेरला कोणी, एवढे शेजाऱ्याला विचारून पाहा. आणि कधी या रस्त्याने आलात तर एक काम करा. वाऱ्याने माझ्या इंजिनावरचे कापड सुटले आहे, आत वाळू जाते. ते घट्ट बांधा. शेजारच्याचेही सुटले आहे, त्याचेही बांधा.

पण आधी माझे.